ग्रंथाचा पत्ता : ऑनलाइन दुकानातील तुटलेल्या दुव्यांची दुरुस्ती

१८५८ च्या एप्रिल महिन्यात सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशी शहर जिंकून घेतले. त्या धामधुमीत राजवाड्यातील ग्रंथसंग्रहही नाश पावला. वेढ्याच्या काळात शहरात अडकून पडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी या नाशाची हकीगत लिहून ठेवली आहे. ज्या पोथीची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, ती पोथी त्या दिवसांत कायमची गेली. विष्णुभटांची स्वतःची हकीगत मात्र 'माझा प्रवास' या नावाने टिकली, कारण तिचे हस्तलिखित जपले गेले आणि पुढे ती छापली गेली.

ग्रंथ वाचकाला दुरावण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात ग्रंथ नष्ट होत नाही. तो जेथे ठेवला आहे ती जागा मात्र वाचकाला सापडेनाशी होते. संगणकाच्या युगात हा दुसरा प्रकार नित्याचा झाला आहे. समजा, झाशीच्या माणिक चौकातील एखाद्या ग्रंथविक्रेत्याने बुंदेलखंडाच्या इतिहासावरील पुस्तकांच्या फाइली ऑनलाइन विकावयास आरंभ केला. बुंदेलखंड विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याने पैसे भरले, त्याला ई-मेलने दुवा आला, आणि तो उघडताच पडद्यावर 'फाइल सापडली नाही' एवढेच शब्द उमटले. पैसे गेले, परीक्षा जवळ आली, आणि पुस्तक हाती नाही. विक्रेत्याच्या संगणकावर ती फाइल बहुधा सुरक्षित असते. तेथपर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी तुटलेली असते. ही वाट कोठे तुटते आणि ती कशी सांधावयाची, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

वस्तू आणि तिचा पत्ता

ग्रंथालयात पुस्तकाला दाखलअंक असतो आणि ते कोणत्या कपाटात आहे याची नोंदही असते. कपाट बदलले तरी दाखलअंक बदलत नाही. फक्त नोंदवहीत कपाटाचा क्रमांक दुरुस्त करावा लागतो. इंटरनेटवरील दुवा बहुतेक वेळा या दाखलअंकासारखा नसून कपाटाच्या क्रमांकासारखा असतो. अमुक संकेतस्थळ, त्यातील अमुक फोल्डर, त्यातील अमुक नावाची फाइल, असा तो जागेचा पत्ता असतो. यांपैकी कोणतीही एक गोष्ट बदलली की पत्ता खोटा ठरतो.

हा दोष किती व्यापक आहे याची कल्पना अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून येते. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, असे त्या पाहणीत आढळले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात असा आग्रह धरला होता, की चांगला पत्ता तोच, जो बदलत नाही. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

मागणीपासून फाइलीपर्यंत

ऑनलाइन दुकानात ग्राहकाला मिळणारा दुवा सहसा थेट फाइलीकडे जात नाही. तो एका द्वारपालाकडे जातो. वर्डप्रेस या प्रणालीवर चालणारे वू-कॉमर्स हे दुकान चालविण्याचे साधन अनेक लहान विक्रेते वापरतात. त्याच्या आधारे हा मार्ग पाहता येईल.

पहिली पायरी परवानगीची. पैसे मिळाल्यावर दुकानाच्या नोंदींत त्या मागणीसाठी परवानगी उघडली जाते आणि तिची किल्ली दुव्यात गुंफली जाते. दुसरी पायरी तपासणीची. परवानगीची मुदत संपली आहे काय, ठरलेल्या वेळांपेक्षा अधिक वेळा फाइल उतरवली गेली आहे काय, हे पाहिले जाते. तिसरी पायरी पत्त्याची. विक्रीच्या वस्तूच्या नोंदीत फाइलीची जागा लिहिलेली असते, ती वाचली जाते. चौथी पायरी पाठवणीची. दुकानाची प्रणाली स्वतः फाइल वाचून पाठविते, किंवा ते काम सर्व्हरवर सोपविते, किंवा ग्राहकाला सरळ फाइलीच्या पत्त्याकडे वळविते.

या चारही पायऱ्यांवर दोष संभवतो, पण ग्राहकाला प्रत्येक वेळी दिसते ते एकच : पुस्तक आले नाही. म्हणूनच दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक ठरते. निदान न करता नवी फाइल चढविणे म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहता औषध देण्यासारखे होय.

दोषाचे निदान

निदानाचे पहिले साधन म्हणजे सर्व्हरने दिलेला क्रमांक. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडले नाही. ४०३ म्हणजे मागणी समजली, पण प्रवेश नाकारला. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतील कामात बिघाड झाला. ४१० म्हणजे वस्तू जाणूनबुजून काढून टाकली आहे. ४०४ आल्यास पत्त्याकडे पाहावे, ४०३ आल्यास परवानग्यांकडे, ५०० आल्यास सर्व्हरच्या बिघाडनोंदीकडे.

कित्येकदा मात्र कोणताच क्रमांक दिसत नाही. फाइल उतरते, पण उघडत नाही. अशा वेळी ती साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी. खऱ्या पीडीएफ फाइलीच्या आरंभी टक्केचिन्ह आणि त्यापुढे पीडीएफ ही इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्या जागी वेबपानाचा मजकूर आढळला, तर पुस्तकाऐवजी दोषसूचनेचे पानच पुस्तकाच्या नावाने उतरले आहे असे समजावे. आरंभ ठीक असून फाइल अर्धवट असेल, तर दोष पाठवणीत आहे. जुन्या ग्रंथाची पाने छायाचित्ररूपाने घेतलेली असली की फाइल शेकडो मेगाबाइटची होते, आणि दुकानाच्या प्रणालीला नेमून दिलेला वेळ किंवा स्मृती मध्येच संपते. अशा मोठ्या फाइलींची पाठवणी प्रणालीकडे न ठेवता सर्व्हरकडे सोपविणे हा त्यावरील उपाय होय.

परवानगीच्या पायरीवरील दोष अधिक फसवे असतात. पैसे भरल्यावरही मागणी 'प्रक्रियेत' या अवस्थेत अडकून राहिली, तर काही दुकानांत परवानगी उघडतच नाही. उतरविण्याच्या वेळा तीनच ठेवल्या असतील, तर दुर्बळ मोबाइल-जोडणीवर झालेले तीन अपुरे प्रयत्नही त्या संपवू शकतात. झाशीपासून दूर एखाद्या खेड्यात राहणाऱ्या वाचकाला याचा त्रास सर्वांत आधी होतो. काही ई-मेल सेवा सुरक्षेसाठी पत्रातील दुवे स्वतः उघडून पाहतात. त्यामुळेही मोजणी वाढू शकते. येथे फाइल ठीक असते आणि पत्ताही ठीक असतो. विक्रेत्याने त्या मागणीची मोजणी पुन्हा शून्यावर आणली की काम भागते. अशा तक्रारी वारंवार येत असतील, तर मर्यादाच वाढविली पाहिजे.

वू-कॉमर्सच्या ६.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, आणखी एक कारण संभवते. ज्या फोल्डरांतून फाइली देण्यास मान्यता आहे त्यांची यादी ही प्रणाली ठेवते. दुकान नव्या संकेतस्थळावर हलविले आणि यादीत जुनाच पत्ता राहिला, तर फाइल जागेवर असूनही ती दिली जात नाही.

नावांचा घोळ

भारतीय भाषांतील ग्रंथांच्या बाबतीत फाइलीचे नाव हे दोषाचे मोठे उगमस्थान आहे. मराठी ग्रंथांत या शहराचे नाव 'झाशी' आणि 'झांशी' अशा दोन्ही रीतींनी लिहिलेले आढळते. हिंदीत ते 'झाँसी' होते. वाचकाला ही तीनही रूपे एकाच गावाची वाटतात. संगणकाला ती तीन वेगळी नावे आहेत.

शिवाय पत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी जात नाहीत. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. 'झाशी' या शब्दात झ, काना, श आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची छत्तीस होतात. द. ब. पारसनीस यांच्या १८९४ मधील 'झांशी संस्थानच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेब ह्यांचें चरित्र' या ग्रंथाचे संपूर्ण नाव फाइलीला दिले, तर केवळ नावाचाच पत्ता साडेचारशेहून अधिक चिन्हांचा होतो. असा लांब दुवा ई-मेलमध्ये दोन ओळींत तुटला, की ग्राहक अर्ध्याच दुव्यावर बोट ठेवतो.

याहून सूक्ष्म अडचण नुक्त्याची आहे. झाशीचे प्रसिद्ध हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांच्या 'गढ़ कुंडार' या कादंबरीच्या नावातील 'ढ़' हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे साठविता येते : एक तर स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा 'ढ' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे एकापुढे एक ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. सर्व्हर मात्र त्यांना निराळी मानतो. नोंदीत एक रूप आणि फाइलीच्या नावात दुसरे असेल, तर कितीही वेळा पडताळून पाहिले तरी चूक दिसत नाही.

रोमन लिपीतील नावेही निर्दोष नसतात. विक्रेत्याच्या विंडोज संगणकावर मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर ती वेगळी असतात. म्हणून घरी चालणारा दुवा दुकानात तुटतो. फाइलीचे नाव छोटी रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांतच ठेवावे आणि ग्रंथाचे खरे देवनागरी नाव विक्रीच्या पानावर लिहावे, हा साधा नियम पाळल्यास हे सारे टळते.

दुरुस्तीचा क्रम

निदान झाल्यावर दुरुस्ती पुढील क्रमाने करणे हितावह असते.

प्रथम संपूर्ण दुकानाची प्रत काढून ठेवावी : फाइलींची आणि नोंदींचीही. त्यानंतर फाइल सर्व्हरवर खरोखर आहे काय आणि तिचे नाव नोंदीशी अक्षरशः जुळते काय, हे पाहावे. जुळत नसेल तर मूळ नोंदीतील पत्ता दुरुस्त करावा; नोंद काढून टाकून नवी करू नये. अनेक प्रणालींत प्रत्येक फाइलनोंदीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि पूर्वीच्या ग्राहकांच्या परवानग्या त्या क्रमांकाला बांधलेल्या असतात. नोंद पुसली की नवे ग्राहक सुखी होतात, जुन्यांचे दुवे मात्र मरतात.

संकेतस्थळाचे नाव बदलले असेल, तर शेकडो नोंदी एकदम बदलाव्या लागतात. येथे एक खाचखळगा आहे. वू-कॉमर्समधील फाइलनोंदींत प्रत्येक पत्त्याबरोबर त्याची लांबीही अंकात साठविलेली असते. 'एचटीटीपी' च्या जागी सुरक्षित असे 'एचटीटीपीएस' घालण्यासाठी सरसकट शोध-बदल केला, तर पत्ता एका अक्षराने वाढतो, लांबीचा अंक मात्र जुनाच राहतो, आणि ती सबंध नोंद वाचता येईनाशी होते. हे काम लांबीचा अंकही दुरुस्त करणाऱ्या खास साधनानेच करावे. ते टाळणेही योग्य नव्हे, कारण क्रोम या ब्राउझरने २०२० पासून सुरक्षित पानावरून असुरक्षित पत्त्याने होणारे डाउनलोड टप्प्याटप्प्याने अडविण्यास आरंभ केला.

यानंतर जुन्या पत्त्यांची व्यवस्था लावावी. ३०१ हा क्रमांक 'ही वस्तू कायमची अमुक ठिकाणी हलविली आहे' असे सांगतो आणि ब्राउझरला आपोआप तेथे नेतो. टपालखाते घर बदललेल्या माणसाची पत्रे नव्या पत्त्यावर पाठविते, तसेच हे आहे. मात्र अशी पुनर्प्रेषणाची सूचना प्रत्येक जुन्या पत्त्यावरून थेट शेवटच्या पत्त्याकडे असावी. एका सूचनेवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे अशी साखळी झाली, तर मधली एक कडी निखळताच सर्वच दुवे तुटतात.

घाईत केला जाणारा एक उपाय मात्र वर्ज्य मानला पाहिजे. विकत देण्याच्या फाइलींचा फोल्डर सर्वांना खुला केला की दुवे लगेच चालू लागतात, आणि तक्रारी थांबतात. त्याचबरोबर पैसे न देता कोणालाही ते पुस्तक मिळू लागते, आणि लेखकाचा हक्क बुडतो.

शेवटी दुकानदाराच्या नव्हे, तर ग्राहकाच्या वाटेने चाचणी घ्यावी : वेगळा संगणक किंवा मोबाइल घेऊन, दुकानात प्रवेश न केलेल्या अवस्थेत, ई-मेलमधील दुव्यावरून. दुकानदार म्हणून प्रवेश केलेला असताना अनेक अडथळे दिसतच नाहीत.

चालणारा पण चुकीचा दुवा

दुवा उघडला म्हणजे दुरुस्ती पुरी झाली, असे मानण्याची प्रथा आहे. ती पुरेशी नाही. 'माझा प्रवास' याच ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. विष्णुभटांनी लिहिलेली हकीगत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, ती भाषेत बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रकाशित केली. नाव एक, लेखक एक, परंतु पाठ दोन. १९६६ ची प्रत विकत घेणाऱ्या अभ्यासकाला दुरुस्त झालेल्या दुव्यावरून १९०७ ची फाइल मिळाली, तर त्याला कोणतीही दोषसूचना दिसणार नाही. तो वैद्यांची वाक्ये विष्णुभटांची म्हणून उद्धृत करील. तुटलेला दुवा निदान आपली चूक बोलून दाखवितो. चुकीचा दुवा ती झाकून ठेवतो.

यावर उपाय आहे. कोणत्याही फाइलीवरून गणिताने तिचा एक ठसा काढता येतो. शा-२५६ या पद्धतीत हा ठसा चौसष्ट चिन्हांचा असतो, आणि फाइलीतील एक अक्षर बदलले तरी तो पूर्णपणे बदलतो. फाइल प्रथम चढविताना तिचा ठसा आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष यांसह नोंदवून ठेवला, तर दुरुस्तीनंतर उतरलेली फाइल तीच आहे की नाही, हे क्षणात पडताळता येते.

जो दुवा जोडू नये

काही दुवे तुटलेलेच राहणे योग्य असते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दशलक्ष ग्रंथांच्या योजनेशी निगडित अशा 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या उपक्रमात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेसह अनेक संस्थांनी भारतीय भाषांतील असंख्य ग्रंथांची छायाचित्रे संगणकावर आणली. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्काच्या प्रश्नावरून ते संकेतस्थळ बंद झाले आणि तेथील ग्रंथांचे दुवे एकाच वेळी निरुपयोगी ठरले. त्यांतील पुष्कळ ग्रंथांच्या प्रती ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या इंटरनेट आर्काइव्हवर आढळतात. तेथील त्यांच्या ओळखक्रमांकांत जुन्या संकेतस्थळाचे नाव अजूनही गुंफलेले आहे. पत्ता मेला, पण दाखलअंक टिकला, आणि त्या अंकामुळे ग्रंथ पुन्हा शोधता येतो.

या घटनेत विक्रेत्यालाही एक बोध आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. वृंदावनलाल वर्मा यांचे निधन १९६९ मध्ये झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. अशा ग्रंथाची फाइल हक्काविना ठेवली गेली असेल आणि ती काढावी लागली, तर तेथे ४१० हा क्रमांक आणि कारण सांगणारे पान द्यावे, पैसे परत करावेत, आणि ग्रंथ रीतसर कोठे मिळेल तेही सांगावे. 'सापडला नाही' आणि 'काढून टाकला आहे' यांतील भेद वाचकाला कळणे हा त्याचा हक्क आहे.

कायद्यानेही ग्राहकाची बाजू सांभाळली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत संगणकीय वस्तूंच्या विक्रीचाही समावेश आहे. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते.

पुढील काळासाठी

दुरुस्तीपेक्षा प्रतिबंध स्वस्त पडतो. विकल्या गेलेल्या प्रत्येक फाइलीची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पत्त्याला मागणी पाठवून उत्तरादाखल आलेला क्रमांक तपासावा. हे काम लहानशा आज्ञावलीने आपोआप होऊ शकते. प्रत्येक ग्रंथाला जागेवर अवलंबून नसलेला स्वतःचा क्रमांक द्यावा. शोधनिबंधांसाठी वापरला जाणारा डीओआय हा क्रमांक याच तत्त्वावर चालतो : क्रमांक कायम राहतो आणि तो ज्या पत्त्याकडे नेतो तो पत्ता गरजेप्रमाणे बदलता येतो. त्याचबरोबर फाइलींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवावी. दुवा सांधता येतो तो फाइल शिल्लक असेपर्यंतच.

झाशीच्या राजवाड्यातील पोथ्या कोणत्याही कौशल्याने परत आणता येणार नाहीत. आज ग्रंथविक्रेत्याच्या हाती असलेले काम त्या मानाने सोपे आहे. ग्रंथ शाबूत आहे, वाचकाने त्याचे मोल दिले आहे, आणि दोहोंमधील वाट चार पायऱ्यांची आहे. त्यांपैकी कोणती पायरी खचली ते शोधणे, ती बांधणे, आणि वाचकाच्या हाती पडलेला ग्रंथ त्याने मागितलेलाच आहे याची खात्री करून घेणे, एवढे झाले की दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणावयास हरकत नाही.